माजी विद्यार्थ्यांचा पैसा, मुलांचा धंदा

या वेळी निवडलेली पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत: कॉलेजातून बाहेर पडलेल्यांनी दिलेली देणगी आणि तिच्यातून आत शिकणाऱ्या मुलांनी उभे करायचे छोटे उद्योग. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न (फोंडा): पंचवीस वर्षांच्या मेळाव्यात आमच्या बॅचने १२ लाख रुपये जमवले. कॉलेजातल्या मुलांना धंदा सुरू करायला ते द्यायचे आहेत. काहीजण म्हणतात, मुदत ठेव करून व्याजातून दरवर्षी स्पर्धा घ्यावी. काहीजण म्हणतात, मुलांना वाटून मोकळे व्हावे. काय करावे?

उत्तर: आधी आकडे मांडू. १२ लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ७८ हजार व्याज येईल. महागाईत मुद्दल झिजू नये म्हणून त्यातले पंधरा-वीस हजार परत ठेवीत टाकायचे, म्हणजे हाती उरले साठ हजार. हॉल, परीक्षकांचा चहा-नाश्ता, ढाली आणि प्रमाणपत्रे यांतच त्याला कात्री लागते. तेच १२ लाख पाच वर्षांत संपवायचे असे ठरवले, तर व्याज धरून दरवर्षी सुरुवातीला सुमारे २ लाख ७० हजार खर्चाला मिळतात. आमच्या मते २५ लाखांच्या आतल्या निधीची कायमची ठेव करूच नये. पाच वर्षांनी काम दिसले तर पुढची बॅच पैसे घालते, आणि दिसले नाही तर ठेव राहिली असती तरी उपयोग नव्हता.

स्पर्धेचा धनादेश ही आणखी वाईट सवय. तो चांगले बोलणाऱ्याला मिळतो, आणि मिळतो फेब्रुवारीत. एप्रिलमध्ये परीक्षा, जूनमध्ये शेवटच्या वर्षाची मुले नोकरीला पुण्या-बेंगळुरूला. पैसे कुठे गेले हे विचारायला कोणी उरत नाही.

त्याऐवजी पैसे टप्प्याने सोडा. पहिला टप्पा फक्त १० हजारांचा, ४५ दिवसांचा, आणि एकाच प्रश्नाच्या उत्तरासाठी: ही वस्तू कोणी पैसे मोजून घेतो का? असे आठ गट घ्या, ८० हजार झाले. त्यातल्या तिघांना चाचणीसाठी आणि चालता नमुना करण्यासाठी प्रत्येकी ४० हजार, म्हणजे १ लाख २० हजार. उरलेले ७० हजार तिसऱ्या टप्प्याचे: त्यांतून प्रयोगशाळेची तपासणी, ट्रेडमार्क, आणि जो गट खरेच पुढे गेला त्याचा पहिला विक्रीचा माल. पाच गट पहिल्याच टप्प्यात गळतील. गळू द्या, प्रत्येकी १० हजारांत ते कळले हे स्वस्तात पडले.

उदाहरण घेऊ. दोन मुलींना कमी साखरेचे कोकम सरबत बाटलीत भरून विकायचे आहे. पहिल्या टप्प्यात त्यांनी लेबल छापू नये, यंत्र घेऊ नये. साध्या बाटल्यांत पन्नास नमुने भरावेत, अर्धे फ्रिजमध्ये आणि अर्धे बाहेर ठेवावेत, आणि दर तीन दिवसांनी एकेक उघडून नोंद करावी. कोकमचे पारंपरिक अमृत टिकते ते त्यात ६५ टक्क्यांच्या आसपास साखर असते म्हणून. आगळ टिकते मिठामुळे. साखर निम्म्यावर आणली की काही दिवसांत आंबायला लागते, बाटली फुगते आणि झाकण उडते. हे दुकानात घडण्याआधी घरात घडले पाहिजे. मग दुसऱ्या टप्प्याचे ४० हजार कशासाठी लागतील ते आपोआप ठरते: उष्णतेची प्रक्रिया, आम्लता मोजणे, जंतूंची तपासणी. ‘मार्केटिंग’ असे लिहून मागितलेल्या ४० हजारांना मात्र नाही म्हणावे.

वेळापत्रक परीक्षांना आणि गोव्याच्या हंगामाला धरून असावे. जुलैत अर्ज, चवथीच्या सुट्टीआधी पहिला टप्पा, दिवाळीनंतर दुसरा, जानेवारीत तिसरा. पर्यटकांवर चालणारी वस्तू असेल तर दिवाळीची वाट न पाहता नमुना ऑक्टोबरपर्यंत तयार हवा, नाहीतर एक वर्ष गेलेच.

पैसे कोणाच्या हाती द्यायचे? मुलांच्या खात्यात एकरकमी नकोत. दुकानदाराला किंवा प्रयोगशाळेला थेट भरावेत आणि किरकोळ खर्चाला गटाकडे ३ हजारांची उचल ठेवावी. बिले आली की पुन्हा भरायची. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे, हे पहिल्याच दिवशी सांगा. बिल माजी विद्यार्थी संघाच्या नावाने, त्यावर गटाचे नाव पेनाने. समितीत पाच माणसे पुरे: बॅचचे दोघे, एक शिक्षक, एक हिशोब जाणणारा, आणि एक रोज गल्ल्यावर बसणारा दुकानदार किंवा कारखानदार. शेवटचा माणूस सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच वगळला जातो. अर्जावर १५ दिवसांत हो किंवा नाही कळवायचे. ८०० रुपयांच्या विजेच्या छोट्या मोटरसाठी तीन दरपत्रके मागणारी पद्धत लावली की मुले दुसऱ्यांदा येत नाहीत. म्हणूनच, विशेषतः सरकारी कॉलेज असेल तर, हा निधी माजी विद्यार्थी संघाच्या खात्यातच ठेवा आणि कॉलेजशी दोन पानी करार करा.

करारात हे असू द्या: निधीचा हेतू, समितीची मुदत, न संपलेल्या रकमेचे काय, मध्येच कॉलेज सोडणाऱ्याकडची यंत्रे कोणाची, दर सहा महिन्यांनी एक पानी हिशोब, आणि पाच वर्षांनी निधी बंद होताना उरलेले पैसे कुठे जातील. संघ नोंदणीकृत नसेल तर १८६०च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात. नोंदणीशिवाय एकाच्या वैयक्तिक बचत खात्यात १२ लाख जमवणे ही सगळ्यात मोठी चूक. मैत्री तुटते, आणि आयकर खात्याला उत्तर त्या एकट्याने द्यायचे.

प्रश्न (स्विंडन, इंग्लंड): आमच्यापैकी बऱ्याच जणांकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे. आम्ही एकाच्या खात्यात पैसे गोळा करून गोव्यातल्या संघाला पाठवू म्हणतो. चालेल ना?

उत्तर: नाही, आणि हा मुद्दा हलका घेऊ नका. परदेशी नागरिकाकडून आलेला पैसा विदेशी योगदान नियमन कायदा, २०१० प्रमाणे विदेशी योगदान ठरतो. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) म्हणजे भारतीय नागरिकत्व नव्हे, तेव्हा ते असून उपयोग नाही. गोव्यातल्या बँकेतल्या खात्यातून रुपयांत दिले तरी देणारा परदेशी नागरिकच राहतो. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी गोंयकाराने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे मात्र या कायद्यात येत नाहीत. म्हणून सगळ्यांचे पैसे एका भारतीय पासपोर्टवाल्याच्या खात्यात ओतून पाठवणे हा मार्ग दिसायला सोपा, पण पैशाचा मूळ स्रोत बदलत नाही. अडचणीत आधी संघ येतो.

संघाला या कायद्याखाली नोंदणी हवी असेल तर तीन वर्षांचे अस्तित्व आणि त्या तीन वर्षांत मुख्य कामावर किमान १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. नव्या संघाला दुसरी वाट आहे: ठरावीक देणगीदाराकडून ठरावीक रकमेसाठी केंद्रीय गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी. त्यासाठी देणगीदाराचे लेखी वचनपत्र लागते. दोन्ही प्रकारांत पैसे आधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावे लागतात. प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे. आणि २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला आलेले विदेशी योगदान दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, म्हणजे संघाने घेऊन कॉलेजच्या इन्क्युबेटरला (नव्या उद्योगांना हात देणाऱ्या केंद्राला) देणे बंद.

सोपा मार्ग असा. ज्या संस्थेला मदत करायची आहे तिच्याकडे ही नोंदणी किंवा कायद्याने मिळालेली सूट आहे का ते विचारा, आणि असेल तर प्रत्येकाने आपापल्या खात्यातून थेट तिथे पाठवा. भारतीय पासपोर्टवाल्यांचे पैसे संघाकडे वेगळे येऊ द्या. संघाने प्रत्येक परदेशस्थ देणगीदाराच्या पासपोर्टची प्रत पावतीसोबत जपून ठेवावी. तुम्ही आठवड्याला एक तास व्हिडिओ कॉलवर मुलांचे दरपत्रक तपासून दिलेत, तर त्याला मात्र कोणाचीही परवानगी लागत नाही.

प्रश्न (म्हापसा): आम्ही कॉलेजला थ्री-डी प्रिंटर दिला. दोन वर्षांत तो जेमतेम वापरला गेला. आता लेझर कटर द्यावा असे काहीजण म्हणतात.

उत्तर: कटर थांबवा, आधी प्रिंटर चालू करा. यंत्र पडून राहण्याची कारणे बहुधा तीन असतात: चालू खर्चाला पैसे नाहीत, किल्ली एकाच माणसाकडे, आणि पावसाळा.

पावसाळ्याचे आधी सांगतो, कारण तो कोणी धरतच नाही. प्रिंटर जी वितळवून वस्तू छापतो ती पीएलए या प्लास्टिकची तार हवेतला ओलावा शोषते. जून ते सप्टेंबर गोव्यात रीळ उघडे ठेवले की तार ठिसूळ होते, छापताना नोझलमधून चट-चट आवाज येतो, वस्तूवर धागे आणि भोके पडतात. मुले समजतात यंत्र बिघडले. उपाय स्वस्त आहे: घट्ट झाकणाचा धान्याचा डबा, त्यात सिलिका जेलची पाकिटे आणि दोनेकशे रुपयांचा आर्द्रतामापक. ओली झालेली तार ४५ ते ५० अंशांवर चार-सहा तास वाळवायची. त्याहून जास्त तापवली तर पीएलए मऊ होऊन रिळावरच चिकटते. नोझल झिजते, म्हणून ०.४ मिलिमीटरच्या पाच-सहा नोझल सुट्या ठेवा.

चालू खर्चाचा आमचा ठोकताळा असा: यंत्राच्या किमतीच्या १५ ते २० टक्के रक्कम दरवर्षी बाजूला हवी. ६० हजारांचे यंत्र दिले तर वर्षाला ९ ते १२ हजार, निदान तीन वर्षांचे, एकदमच द्या. ते देता येत नसेल तर त्याच पैशात छोटे यंत्र घ्या.

आणि वेळ. प्रयोगशाळा साडेचारला बंद होत असेल तर मुले तास संपवून येणार कधी? दोन प्रशिक्षित विद्यार्थी, नोंदवही आणि संध्याकाळी सात वाजेपर्यंतची लेखी परवानगी, एवढ्याने वापर वाढतो. मानधन म्हणून त्या दोघांना महिन्याला थोडे पैसे निधीतून द्यायला हरकत नाही.

वस्तुरूप देणगीवर आयकर कायद्याच्या कलम ८०-जीची, म्हणजे देणगीसाठीची, वजावट मिळत नाही, हेही लक्षात असू द्या. पैसे देऊन संस्थेला यंत्र घ्यायला लावणे त्या दृष्टीने बरे.

प्रश्न (साखळी): मी एका विद्यार्थी कंपनीला २ लाख देणार आहे. देणगीची पावती घेऊन थोडे शेअर्सही मिळावेत अशी अपेक्षा आहे.

उत्तर: दोन्ही एकदम मिळणार नाही. बदल्यात काही मिळाले की ती देणगी राहत नाही. यातले एक निवडा.

गुंतवणूक करायची तर ती प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत, बँकेमार्फत. पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर्स वाटले गेले पाहिजेत, वाटपानंतर १५ दिवसांत कंपनी निबंधकाकडे पीएएस-३ हे शेअर्सच्या वाटपाचे विवरण भरले पाहिजे, आणि ते भरेपर्यंत कंपनीने त्या पैशाला हात लावायचा नाही. मुले नेमकी इथे चुकतात. पैसे आल्याच्या संध्याकाळी लॅपटॉप घेतात. तुम्ही अनिवासी असाल आणि पैसे पुढे परदेशात परत नेण्याच्या तत्त्वावर गुंतवत असाल, तर वाटपानंतर ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर हा परदेशी गुंतवणुकीचा अर्ज भरायचा. ‘एंजल टॅक्स’ची, म्हणजे वाजवी किमतीहून चढ्या भावाने शेअर्स विकल्यास कंपनीला लागणाऱ्या कराची, भीती आता नको, तो १ एप्रिल २०२५पासून उठला. कन्व्हर्टिबल नोटचा (पुढे शेअर्समध्ये बदलणाऱ्या कर्जाचा) सल्ला कोणी दिला तर सोडून द्या. त्या मार्गाने एका वेळी किमान २५ लाख घालावे लागतात.

किती हिस्सा घ्यावा? २ लाखांना वीस टक्के मागणारे ‘काका’ भेटतात. तिसऱ्या वर्षातल्या मुलांना नाही म्हणता येत नाही, आणि पुढचा गुंतवणूकदार ते कागद पाहून मागे फिरतो. शिक्षण मंत्रालयाच्या २०१९च्या राष्ट्रीय नवोपक्रम आणि स्टार्टअप धोरणात खुद्द संस्थेने सुविधांच्या बदल्यात घ्यायचा हिस्सा २ ते ९.५ टक्के सुचवला आहे. सगळे कॉलेज देऊन साडेनऊ, मग २ लाखांना किती ते तुम्हीच पाहा. समितीत बसत असाल तर ज्या कंपनीत पैसे घातले तिच्या अर्जावेळी उठून बाहेर जायचे, आणि तसे इतिवृत्तात लिहायचे. भाच्याच्या अर्जालाही तोच नियम.

प्रश्न (मडगाव, विद्यार्थी): आम्ही संघाच्या पैशातून एक उपकरण केले. कॉलेज म्हणते पेटंटवर त्यांचाही हक्क. खरे आहे का? तंत्रप्रदर्शनात ते मांडायचेही आहे. आणि या कामामुळे हजेरी कमी पडली तर?

उत्तर: प्रदर्शन आधी थांबवा. अर्जाआधी वस्तूचे काम लोकांसमोर उघड झाले की नावीन्य गेले. सवलत फक्त केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांना आहे, कॉलेजच्या महोत्सवाला नाही. तात्पुरत्या तपशिलासह अर्ज टाका. व्यक्ती, स्टार्टअप आणि शैक्षणिक संस्थेला ऑनलाइन शुल्क १,६०० रुपये आहे. १२ महिन्यांत पूर्ण तपशील द्यायचा, तो चुकला तर अर्ज सोडून दिल्याचे धरतात. फक्त बाह्य आकार नवा असेल तर पेटंट नव्हे, डिझाइनची नोंदणी करा.

हक्काबद्दल: वरच्याच धोरणाप्रमाणे संस्थेच्या सुविधा किंवा निधी लक्षणीय प्रमाणात वापरला, किंवा काम अभ्यासक्रमाचा भाग असेल, तर हक्क संयुक्त. संस्थेच्या सुविधा न वापरता आणि अभ्यासक्रमाबाहेर केले तर पूर्ण तुमचा. तुमचे काम शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून दाखवले असेल तर कॉलेजचे म्हणणे बरोबर आहे. नसेल, तर माजी विद्यार्थ्यांचा पैसा कोणत्या खात्यातून आला ते बघा. कॉलेजच्या खात्यातून आला असेल तर तो ‘संस्थेचा निधी’ मानला जाऊ शकतो. देणगीदारांनी म्हणूनच करारात एक वाक्य घालावे: या निधीच्या वापराने संस्थेचा बौद्धिक संपदेवर हक्क निर्माण होणार नाही. पैसे देताना हे वाक्य मागितले तर मिळते, नंतर मिळत नाही.

हजेरीचेही विचारले आहे. उद्योग करणाऱ्या विद्यार्थ्याला हजेरी कमी असली तरी संस्थेच्या परवानगीने परीक्षेला बसू द्यावे, असे त्या धोरणात आहे. परवानगी सत्राच्या सुरुवातीला लेखी घ्या. परीक्षा अर्जाच्या दिवशी धोरणाची प्रत दाखवून काही होत नाही. फातोर्ड्याचे फायर किंवा वेर्ण्याचे सीबा अशा इन्क्युबेटरमध्ये नाव असेल तर अर्जाला आधार मिळतो.

प्रश्न (डिचोली): पावती आहे, पण ८०-जीची वजावट विवरणपत्रात दिसत नाही.

उत्तर: चार गोष्टी तपासा. नवी करप्रणाली घेतली असेल तर ही वजावटच नाही. २ हजारांवर रोख दिले असेल तर नाही. पावतीवरचा पॅन चुकला असेल तर संस्थेने भरलेल्या १०-बीडी विवरणात तुमचे नाव जुळत नाही. आणि संस्थेने ते विवरण ३१ मेपर्यंत भरलेच नसेल तर तुमच्या देणगीचे १०-बीई प्रमाणपत्र निघत नाही. उशिराला रोज २०० रुपये शुल्क संस्थेला पडते, म्हणून चिटणीसांना आठवण द्यायला संकोचू नका. बहुतेक संस्थांना ५० टक्के वजावट, तीही समायोजित एकूण उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. १ एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. इथे दिलेले क्रमांक जुन्या कायद्यातले आहेत.

प्रश्न (काणकोण): आमच्या शाळेतून कॉलेजला गेलेली एक मुलगी खोला गावच्या मिरचीची पूड करते. मला तिला थेट ६० हजार द्यायचे आहेत.

उत्तर: नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५० हजारांवर गेली की वरचे १० हजार नव्हे, पूर्ण ६० हजार तिच्या उत्पन्नात धरले जातात. कराचा भार कदाचित शून्यच येईल, पण विवरणाची कटकट तिच्या मागे लागते. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेमार्फत दिले तर ही अट लागत नाही.

त्याहून चांगले, तिला मागणी द्या. मालासाठी दिलेली आगाऊ रक्कम ही भेट नव्हे, ती विक्री. तिचा कच्चा माल ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नवी मिरची वाळून आली की घ्यावा लागतो. पुढे भाव चढतो. म्हणून निम्मी रक्कम ऑक्टोबरात, उरलेली माल मिळाल्यावर. मिरचीतला ओलावा ११ टक्क्यांच्या आत आहे याची तपासणी मागा. ओली मिरची दळली की गुठळ्या होतात आणि बुरशी धरते. पाकिटावर खोला मिरचीच्या भौगोलिक मानांकनाचे बोधचिन्ह छापायचे तर तिला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागेल, अन्नसुरक्षेची नोंदणी त्याआधी. स्वतःच्या नावाचा ट्रेडमार्क ऑनलाइन केला तर व्यक्तीला एका वर्गासाठी ४,५०० रुपये शुल्क आहे. मसाले वर्ग ३० मध्ये येतात.